जांभ्याचा चिरा : घराला उत्तम, सड्याला महाग

सिंधुदुर्गात घर बांधायला काढले की भिंत कशाची, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही, कारण उत्तर ठरलेले असते : चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाच्या कापीव ठोकळ्यांची. आंबोली घाटाच्या पायथ्याशी, दाणोलीच्या बाजूला आमचे चिऱ्याचे घर उभे राहून आता काही पावसाळे उलटले आहेत. त्यामुळे या मालाबद्दल आणि तो पुरवणाऱ्या चिरेखाणींच्या व्यवहाराबद्दल अनुभवावरून लिहिता येईल, असे वाटते. भिंतीचा माल म्हणून जांभ्याच्या चिऱ्याला कोकणच्या हवेत तोड नाही, हे माझे मत आधीच नोंदवून ठेवतो. मात्र तो कुठल्या सड्यावरून, म्हणजे जांभ्याच्या सपाट उघड्या माळावरून, उतरला आणि आपण तो किती घेतला, या दोन प्रश्नांची समाधानकारक उत्तरे असल्याशिवाय मी त्याची शिफारस कोणालाही करणार नाही.

जांभा हा मुळात सह्याद्रीचा काळा कातळच आहे. लक्षावधी वर्षांचा पाऊस आणि मधल्या कोरड्या महिन्यांचे ऊन यांनी तो आतून कुजवला, त्यातील विरघळणारी द्रव्ये आणि बरीचशी सिलिका पाण्याबरोबर निघून गेली, आणि लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे राहिली. फ्रान्सिस बुकानन या ब्रिटिश अभ्यासकाने १८०७ साली केरळातल्या अंगाडिपुरमच्या दगडाचे वर्णन करताना ज्या गुणावर भर दिला, तोच गुण आपल्याकडचा प्रत्येक गवंडी जाणतो : जमिनीत असताना हा दगड मऊ असतो, लोखंडी हत्याराने कापता येतो, आणि उघड्या हवेत राहिला की कठीण होत जातो. चिरेखाणीच्या उभ्या कापात हे सगळे थर एका नजरेत दिसतात. वर काळपट, टणक कातळाचे कवच, त्याखाली चिऱ्याचा तांबूस थर, आणि तो संपला की पिवळट-पांढरी चिकण माती, जिच्यावर पाणी अडते. या शेवटच्या थराकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

पूर्वी टिकाव आणि पहारीने चिरा सुटा करून तो हाताने तासत असत. आता रुळांवर सरकणारे यंत्र आले आहे. त्याचे गोल पाते आधी लांबीच्या रेषा पाडते, मग आडव्या, आणि शेवटी तळातून कापून चिरा मोकळा करते. ढेपेतला गूळ सुरीने निघावा तितक्या सहज तो निघतो. यंत्राने मापात सारखेपणा आला, भिंतीचे सांधे बारीक झाले आणि मालाची बचत झाली, हे मान्य केले पाहिजे. पण जे काम हाताने महिनाभर चालायचे ते आता फार थोड्या दिवसांत उरकते, आणि सडा खाली जाण्याचा वेगही त्याच मापाने वाढला आहे. यंत्राजवळ उभे राहिले की पाच मिनिटांत पापण्यांवर तांबडी पूड बसते. तिथे दिवसभर काम करणारे मजूर बहुतेक कर्नाटकातून आलेले असतात, आणि मी पाहिलेल्या खाणीत त्यांच्या तोंडाला साध्या पंचाखेरीज काही नव्हते. ज्या मालाच्या दर्जाविषयी आपण इतके चोखंदळ असतो, त्या मालाच्या धुळीविषयी खाणमालकाला एखादा प्रश्न विचारणे ग्राहकाचे कर्तव्यच आहे.

भिंतीचा अनुभव मात्र उत्तम आहे. नऊ इंची चिऱ्याची भिंत एप्रिल-मे महिन्यांत दुपारभर घर थंड ठेवते, आणि शेजारच्या काँक्रीट ब्लॉकच्या घरात शिरले की हा फरक उंबऱ्यापासूनच कळतो. चिरा सच्छिद्र असल्यामुळे पावसाळ्यात ओल धरतो, पण ती सोडतोही लवकर. ऑक्टोबरचे ऊन लागले की आमच्या भिंती आठवड्याभरात कोरड्या होतात. मात्र त्यासाठी छप्पर पुढे हवे. पागोळी भिंतीपासून दीड-दोन फूट दूर पडली पाहिजे, आणि नैर्ऋत्येकडची भिंत उघडी ठेवायची असेल तर तिथे पडवी काढलेली बरी. शहरातून येऊन बंगले बांधणाऱ्यांमध्ये चिरा गिलाव्याशिवाय उघडा ठेवण्याची हौस वाढली आहे. त्यांनी एकदा जुन्या गोव्यातले बॉम जेझूचे चर्च नीट पाहावे. १६०५ साली पूर्ण झालेल्या त्या इमारतीवर साडेतीन शतके चुन्याचा गिलावा होता. तो १९५० च्या दशकात काढून टाकण्यात आला, आणि तेव्हापासून जांभा पावसात झिजत गेला. गिलावा पुन्हा करावा की नाही, यावर गोव्यात आजही वाद आहे. आमच्याकडे पावसाच्या तोंडावरच्या दोन भिंतींना चुन्याचा गिलावा केला आणि पडवीखालच्या भिंती उघड्या ठेवल्या. दोन्ही निर्णय योग्य ठरले.

चिरा पारखायला फार विद्या लागत नाही, पण घाई चालत नाही. चांगल्या चिऱ्यावर हातोडीची मूठ मारली की खणखणीत आवाज येतो. मातीच्या शिरा असलेला चिरा बद्द वाजतो. त्याच्या छिद्रांत पिवळी माती भरलेली दिसते, कोपऱ्यावर अंगठा दाबला की किनार ढासळते, आणि पहिल्याच पावसात ती माती वाहून गेली की दगड पोकळ होतो. जांभ्याच्या चिऱ्यासाठी आय. एस. ३६२० हे भारतीय मानक १९७९ पासून आहे. त्यानुसार पाणी शोषण्याचे प्रमाण वजनाच्या १२ टक्क्यांपेक्षा जास्त नसावे आणि दाब सहन करण्याची शक्ती दर चौरस मिलिमीटरला किमान ३.५ न्यूटन असावी. दाबाची तपासणी प्रयोगशाळेतच होते, पण पाण्याची घरीही करता येते. पूर्ण सुकलेला पाच किलोचा तुकडा दिवसभर पाण्यात बुडवून ठेवावा, वरचे पाणी पुसून पुन्हा वजन करावे. वाढ सहाशे ग्रॅमच्या आत असली तर माल घ्यायला हरकत नाही. पहिल्या पुरवठादाराकडून आणलेल्या नमुन्याने याहून कितीतरी जास्त पाणी प्यायले, आणि तो सौदा तिथेच थांबला.

आमच्या गवंड्याचा आणखी एक आग्रह होता. तो म्हणाला, “चिऱ्यान एक पावस खावक व्हयो, मगेच तो भितीक लावचो.” खाणीतून काढलेला चिरा एक पावसाळा उघड्यावर रचून ठेवला की कच्चा माल आपोआप बाजूला पडतो आणि उरलेला पक्का होतो. आजच्या घाईत हे कोणाला परवडत नाही, आणि खाणीवाले तर सकाळी कापलेला चिरा संध्याकाळी ट्रकमध्ये भरतात. आम्ही थांबलो. रचलेल्या चिऱ्यांतला बराच भाग पावसाने निकामी ठरवला, पण भिंतीत गेलेल्या एकाही चिऱ्याची आजवर तक्रार नाही.

सेवेविषयी मात्र कौतुकाने लिहावे असे थोडेच आहे. चिरा नगावर विकला जातो, पण शासनाचे स्वामित्वधन (रॉयल्टी) आणि वाहतुकीचा परवाना ब्रासच्या हिशेबाने असतो. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. साधारण चौदा बाय नऊ बाय सात इंचांचा चिरा अर्ध्या घनफुटाचा भरतो, म्हणजे एका ब्रासमध्ये दोनशेच्या आसपास चिरे बसतात. हा एवढा हिशेब ग्राहकाला ठाऊक असला की गाडी दारात आल्यावर चालकाकडचा महाखनिज प्रणालीवरचा वाहतूक परवाना पाहून चार प्रश्न विचारता येतात. गाडीत सहाशे चिरे आणि परवान्यावर एक ब्रास, असे दिसले तर उरलेले दोन ब्रास कुठून आले, हे विचारण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४८ नुसार अनधिकृत उत्खननाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो आणि वाहनही जप्त होऊ शकते. ही जोखीम दारात चिरे उतरवून घेणाऱ्यानेही गांभीर्याने घ्यावी.

आम्ही बोलणी केलेल्या एका पुरवठादाराने नगामागे चांगली सूट देऊ केली होती. परवाना मागितल्यावर त्याने तो नंतर देतो म्हणून सांगितले, आणि माल कुठला, या प्रश्नाला “वरच्या सड्यावरचा, एक नंबर” एवढेच उत्तर दिले. वरचा सडा म्हणजे घाटमाथ्याकडचा. आम्ही नकार दिला.

त्या नकारामागचे कारण सविस्तर सांगितले पाहिजे, कारण या मालाची खरी किंमत तिथेच दडलेली आहे. सातशे मीटरच्या आसपास उंची असलेल्या आंबोलीत वर्षाला सुमारे सात हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. चौकुळ-आंबोलीकडचा सडा मे महिन्यात पाहिला तर काळा, तापलेला, झाडाविना पसरलेला कातळ दिसतो, आणि महसुली दफ्तरात त्याची नोंद पोटखराब, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, म्हणून असते. हीच नोंद खाणीचा अर्ज सोपा करते. जून संपता संपता त्याच कातळावर पायाच्या घोट्याएवढ्या पाण्याची असंख्य तळी साचतात, काठावर सीतेची आसवे उमलतात, दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या चिकट पानांवर चिलटे अडकतात आणि गेंदासारख्या एरिओकॉलॉनच्या पांढऱ्या माना वर येतात. मातीचा थर बोटभरसुद्धा नसतो. तेवढ्यातच ही सगळी वनस्पती आपले वर्ष उरकते. २००९ साली शास्त्राला नव्याने ओळख झालेल्या आंबोली टोड या भेकाची मादी याच उथळ पाण्यात अंडी घालते. हा टोड आंबोलीच्या परिसराबाहेर कुठे नाही म्हणावा इतका दुर्मीळ आहे आणि अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे. पाण्याखाली वाकून पाहिले तर काळ्या कातळाला चिकटलेल्या अंड्यांचा पुंजका दिसतो. ज्या कवचावर तो असतो, तेच कवच चिरेखाणीत सर्वांत आधी फोडून बाजूला टाकतात, कारण ते चिऱ्याच्या कामाचे नसते.

पाण्याचा हिशेब तर माणसांशीच निगडित आहे. सच्छिद्र जांभा पावसाचे पाणी आत घेतो, ते खालच्या चिकण मातीवर अडते, आणि सड्याच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. पायथ्याच्या वाड्यांच्या विहिरी, पोफळीच्या बागा आणि मार्चपर्यंत वाहणारे वहाळ या साठ्यावर जगतात. चिऱ्याचा थर कापून नेला की पाणी धरून ठेवणारे भांडेच गेले. खड्ड्यात पाणी साचते खरे, पण ते उघड्यावर आटते, आणि कुंपण नसलेल्या खाणीत पोहायला गेलेली मुले बुडाल्याच्या बातम्या कोकणात दरवर्षी वाचाव्या लागतात. हिरण्यकेशीचा उगम आंबोलीतलाच. तिथल्या मंदिराच्या कुंडात सापडलेल्या शिस्टुरा हिरण्यकेशी या माशाची २०२० मध्ये नवी प्रजाती म्हणून नोंद झाली आणि पुढच्याच वर्षी राज्य शासनाने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. त्या कुंडाला पाणी वरच्या सड्यातूनच येते. उगम जपायचा आणि त्याचा माथा कापायचा, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत.

खालच्या सड्यांवर आणखी एक ठेवा आहे. बारसू, उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे आणि आपल्या मालवण तालुक्यातले कुडोपी या ठिकाणची कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली. ती जांभ्याच्या वरच्या कवचावर कोरलेली असल्यामुळे चिरेखाण त्यांच्या दिशेने सरकली की काय होते, हे सांगायला नको. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कार्यकर्त्यांनी गावोगावी फिरून, जमीनमालकांना समजावून यांतली अनेक शिल्पे वाचवली आहेत, आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात मोठा आदर आहे.

कायद्याची अवस्था त्रासदायक आहे. पश्चिम घाटातल्या ३९ स्थळांना २०१२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात महाराष्ट्रातले कास पठार, कोयना, चांदोली आणि राधानगरी आहेत. पश्चिम घाटाच्या अभ्यासासाठी नेमलेल्या, माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ मध्ये अतिसंवेदनशील विभागातल्या चालू खाणी २०१६ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितले होते. कस्तुरीरंगन समितीने २०१३ मध्ये क्षेत्र कमी केले, पण त्या क्षेत्रातल्या खाणींवरची बंदी कायम ठेवली. १० मार्च २०१४ पासून ३१ जुलै २०२४ पर्यंत केंद्राने पश्चिम घाटाचे संवेदनशील क्षेत्र ठरवणाऱ्या अधिसूचनेचे एकामागून एक सहा मसुदे काढले. शेवटच्या मसुद्यात सहा राज्यांतले ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र आहे, पैकी १७,३४० महाराष्ट्रातले. त्यात नव्या दगडखाणींना मनाई आहे आणि चालू खाणी पाच वर्षांत किंवा पट्ट्याची मुदत संपताच, यांतले जे आधी होईल तेव्हा, बंद करायच्या आहेत. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातली २५ गावे संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित करण्याचे आदेशही दिले. केंद्राच्या या मसुद्यात जुन्या राहत्या घरांच्या दुरुस्तीला आणि विस्ताराला आडकाठी नाही, हे गावोगावी नीट सांगितले गेले नाही. घर बांधता येणार नाही, या भीतीपोटी अनेक ग्रामसभांनी विरोध नोंदवला, आणि त्या भीतीचा लाभ खाणींना झाला.

दरम्यान दहा गुंठ्यांची, वीस गुंठ्यांची छोटी चिरेखाण ही काय मोठी खाण, असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार प्रकरणात २७ फेब्रुवारी २०१२ रोजी पाच हेक्टरांहून लहान गौण खनिज पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली, ती याच कारणाने. लहान लहान तुकडे जोडले की सडा संपतो. सड्यावर उभे राहून चौफेर नजर टाकणाऱ्याला हे पटवून द्यावे लागत नाही.

चिरेखाणी सरसकट बंद करा, असे मात्र मी म्हणणार नाही. खालच्या, वस्तीलगतच्या, आधीच उघडलेल्या खाणींतून, परवान्याच्या खोलीपर्यंत आणि वरची माती बाजूला राखून काम चालले तर चिरा मिळत राहू शकतो. आम्ही शेवटी ज्या खाणीतून माल घेतला ती अशीच होती. परवाना गाडीबरोबर आला, मोजणीत तफावत निघाली नाही, आणि वाहतुकीत फुटलेले चिरे दुसऱ्या खेपेला न मागता बदलून मिळाले. दर पहिल्या पुरवठादारापेक्षा जास्त होता. तो योग्य होता, असे मी म्हणेन. त्याच मालकाने संपलेल्या खड्ड्यात माती भरून आंब्याची कलमे लावली आहेत. सडा त्याने परत येत नाही, पण निदान धोकादायक खड्डा उघडा राहत नाही.

पर्यायांविषयी थोडक्यात सांगायचे तर भाजलेली वीट घाट उतरून येते आणि तिच्या भट्टीला जळण लागते, काँक्रीटच्या ब्लॉकला काळ्या दगडाची खडी लागते म्हणजे दुसरीकडचा डोंगर लागतो, आणि हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या एएसी ब्लॉकला आमच्याकडच्या पावसात गिलाव्याची फार काळजी घ्यावी लागते. सर्वांत चांगला पर्याय जुना चिरा हाच आहे. पडायला आलेल्या घरांचे चिरे गावागावांत रचून पडलेले असतात. ते अनेक दशकांचा पाऊस खाऊन बसलेले असल्यामुळे गवंड्याची अट आपोआप पूर्ण होते. आमच्या आतल्या भिंती पूर्णपणे अशा चिऱ्यांच्या आहेत. चुन्यातला चिरा सुटा करणे सोपे जाते, सिमेंटमधला तुटतो, हे मात्र घेताना पाहून घ्यावे.

आणि आता किती, या प्रश्नाकडे येतो. आठशे चौरस फुटांच्या साध्या घराला आतल्या-बाहेरच्या भिंती मिळून दोन हजार चौरस फुटांच्या आसपास भिंत लागते, म्हणजे सुमारे तीन हजार चिरे, म्हणजे पंधरा ब्रास. दहा फूट खोल खाणीत, काहीच वाया गेले नाही असे धरले तरी, त्यासाठी दीडशे चौरस फूट सडा जातो. हे एका कुटुंबाच्या डोक्यावरच्या छपरासाठी आहे, आणि ते मला मान्य आहे. परंतु त्याच घराच्या दहा गुंठे जागेभोवती पाच फूट उंचीचे चिऱ्याचे आवार, म्हणजे कुंपणाची भिंत, घातले तर त्याची लांबी चारशे फुटांच्या वर जाते आणि पुन्हा तेवढाच, तीन हजार चिऱ्यांचा, माल लागतो. म्हणजे दुसरे घर बांधता येईल इतका दगड कुंपणात जातो. कोकणात रस्त्याच्या कडेने जाताना नव्या बंगल्यांची, आंब्याच्या बागांची आणि नुसत्याच विकत घेऊन ठेवलेल्या रिकाम्या जमिनींची ही लाल आवारे मैलोन् मैल दिसतात. सड्याची मागणी खरोखर कमी करायची असेल तर सुरुवात इथून झाली पाहिजे, आणि त्यासाठी कोणत्याही अधिसूचनेची वाट पाहावी लागत नाही.

आम्ही आवार घातले नाही. खाणीच्या कडेला पडून असलेले तुकडे, कवचाचे दगड आणि पावसाने बाद केलेले आमचेच चिरे यांचा, चुना-सिमेंट काही न लावता, कमरेएवढा गडगा रचून घेतला आणि त्याच्या वर करवंदीची वई, म्हणजे काटेरी कुंपण, वाढवली. तुकड्यांचे खाणमालकाने भाड्याएवढेच पैसे घेतले, कारण ते त्याला अडचणच होते. गडगा रचणारे हात मात्र आता कमी झाले आहेत, त्यामुळे मजुरी आधी ठरवून घ्यावी, आणि काम मेअखेरीपूर्वी संपवावे. पहिल्या पावसात दगड बसतात, एखाददुसरी जागा ढासळते, ती ऑगस्टच्या उघडिपीत पुन्हा लावून घेतली की झाले.